लोखंड नसलेली नौका

१९०९ हे साल जहाजबांधणीच्या इतिहासात पोलादाचे साल होते. त्या वर्षी मार्च महिन्यात बेलफास्टच्या गोदीत 'टायटॅनिक'ची बांधणी सुरू झाली. हजारो टन पोलाद आणि लाखो रिव्हेटा. जहाज जितके अजस्र तितका देशाचा मान मोठा, असा तो काळ. त्याच वर्षी १२ जूनला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका यॉट-कारखान्यातून एक शिडाची लाकडी नौका पाण्यात उतरली. लांबी १५५ फूट, रुंदी ३३ फूट, दोन डोलकाठ्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कुणा लक्षाधीशाने हौसेसाठी बांधून घेतलेली यॉट आहे.

'टायटॅनिक'चे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. या दुसऱ्या नौकेचे नाव 'कार्नेगी'. ते फारसे कुणाला माहीत नसते. पण पृथ्वीविषयीच्या आपल्या ज्ञानात तिने जी भर घातली, ती आजही वापरात आहे. तिचे वेगळेपण एका वाक्यात सांगता येते. तिच्यात लोखंड जवळजवळ नव्हतेच.

लोखंडाशी एवढे वैर कशासाठी? त्यासाठी आधी होकायंत्राकडे वळू. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, असे आपण शाळेत शिकतो. मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. सुई 'बरोबर' उत्तर दाखवत नाही असे सांगितले की वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. भूगोलाची उत्तर आणि सुईची उत्तर यांच्यात जो कोन असतो, त्याला दिक्पात म्हणतात. आपल्या मुंबईच्या आसपास हा कोन अगदी किरकोळ आहे. न्यूयॉर्कला तो बारा-तेरा अंशांच्या घरात जातो. शिवाय हा कोन एका जागीही कायम राहत नाही. पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीमुळे तो वर्षागणिक सरकत राहतो.

भर समुद्रात किनारा दिसत नाही आणि आभाळ भरलेले असले तर तारेही दिसत नाहीत. अशा वेळी तांडेलाचा भरवसा होकायंत्रावर. नकाशात छापलेला दिक्पात एका अंशाने चुकला, तर दर साठ मैलांमागे गलबत सुमारे एक मैल बाजूला जाते. हजार मैलांच्या प्रवासात ती चूक सतरा मैलांची होते. किनाऱ्यावर खडक असतील, तर सतरा मैल म्हणजे जीवन-मरणाचा प्रश्न.

हा दिक्पात समुद्रावर मोजायला पहिल्यांदा खास मोहीम काढून निघाला तो एडमंड हॅले. होय, धूमकेतूवाला हॅले. १६९८ ते १७०० या काळात तो 'पॅरामोर' नावाच्या छोट्या जहाजाचा कप्तान होऊन अटलांटिकवर फिरला आणि १७०१ साली त्याने समान दिक्पाताच्या रेषा दाखवणारा नकाशा छापला. त्याच्यानंतर दोन शतके जहाजांचे कप्तान आपापल्या नोंदी करत राहिले. मात्र एकोणिसाव्या शतकात जहाजे लोखंडाची झाली आणि सगळे बिनसले. आपण मोजायला निघालो पृथ्वीचे चुंबकत्व आणि उभे आहोत हजारो टन लोखंडावर! सुई आता जहाजाचेही ऐकू लागली. नावाड्याला दिशा कळण्यापुरती ही चूक दुरुस्त करता येते, होकायंत्राशेजारी चुंबक आणि लोखंडाचे गोळे बसवून. शास्त्रज्ञाला लागते त्या बारकाईने मात्र ती काढता येत नाही.

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०४ साली भूचुंबकत्वाचा एक स्वतंत्र विभाग काढला. त्याचे प्रमुख होते लुई बावर. सगळ्या पृथ्वीची चुंबकीय मोजणी करायची, असा त्यांचा संकल्प. जमिनीवर माणसे पाठवता येत होती. वाळवंटातून उंटावरून, नद्यांतून होडीने निरीक्षक निघाले. पण पृथ्वीचा जवळजवळ पाऊण भाग पाणी. तिथे जायचे कशाने?

सुरुवातीला त्यांनी 'गॅलिली' नावाचे एक लाकडी व्यापारी गलबत भाड्याने घेतले. १९०५ ते १९०८ या काळात हे गलबत पॅसिफिक महासागरात साठ हजारांहून अधिक मैल फिरले. त्याचे लोखंडी तारदोर काढून वाखाचे दोर बांधले होते. पण खिळे आणि बोल्ट लोखंडाचेच राहिले. त्यामुळे बंदरात गलबत सर्व दिशांना गोल फिरवायचे, प्रत्येक दिशेला सुई किती चुकते ते टिपायचे आणि मग मोजलेल्या आकड्यातून ती चूक वजा करायची, असा उद्योग करावा लागे. कष्टाचे काम, आणि तरीही मनात शंका उरायचीच. बावर यांनी ठरवले की दुरुस्ती पुरे झाली. आता चुकीचे मूळच काढून टाकायचे.

त्यातून 'कार्नेगी' जन्मली. तिचे आराखडे काढले हेन्री गीलो यांनी. त्यांचे नाव धनिकांच्या यॉट आखण्यासाठी प्रसिद्ध होते. बांधली तीही टेबो यॉट बेसिन या यॉटच्याच कारखान्यात. म्हणून त्या काळच्या लिखाणात तिचा उल्लेख 'बिनचुंबकी यॉट' असा सापडतो. रूप यॉटचे आणि काम प्रयोगशाळेचे.

ती कशी बांधली, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. सांगाडा पांढऱ्या ओकचा, फळ्या पाइनच्या, काही भाग सागवानाचा. लाकूड लाकडाला जोडले ते लाकडी खुंट्यांनी, आणि जिथे धातूवाचून चालणार नव्हते तिथे तांब्याच्या आणि ब्राँझच्या बोल्टांनी. कोकणात जुने सुतार लाकडी खुंट्यांचे काम ओळखतील. नांगर ब्राँझचे. नांगराला साखळी नव्हती, कारण साखळी लोखंडाची असते. तिच्याऐवजी वाखाचे जाडजूड दोर होते. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोरही वाखाचेच. स्वयंपाकघरातल्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या वस्तूंवरही हीच नजर होती.

वारा पडला तर पुढे सरकण्यासाठी १५० अश्वशक्तीचे एक इंजिन ठेवले होते. तेही ब्राँझ आणि पितळ यांचे, शिवाय चुंबकाला दाद न देणाऱ्या मँगनीजयुक्त पोलादाचे. ज्या थोड्या भागांना साध्या लोखंडावाचून गत्यंतर नव्हते, तेवढेच लोखंडाचे राहिले. इंजिन चाले दगडी कोळशापासून जहाजावरच तयार केलेल्या वायूवर. वेग ताशी सहा सागरी मैल, म्हणजे तुमच्या-आमच्या सायकलपेक्षाही कमी. माथ्यावर काचेचे दोन घुमट होते. आत झुलत्या बैठकीवर ठेवलेली उपकरणे, त्यामुळे पाऊस-वाऱ्यातही मोजमाप थांबत नसे.

यातली गंमत अशी की या नौकेचा सगळा खर्च निघाला तो पोलादाच्या पैशातून. अँड्र्यू कार्नेगी हे अमेरिकेतले पोलादसम्राट. आपला कारखाना विकून आलेल्या अफाट संपत्तीतून त्यांनी १९०२ साली ही संस्था स्थापन केली होती. पोलाद विकून मिळालेल्या पैशातून त्यांचेच नाव धारण करणारी, पोलाद वर्ज्य असलेली नौका उभी राहिली.

हे सगळे ऐकताना कुणाला वाटेल, हा अमेरिकेतल्या श्रीमंतांचा खटाटोप. आपला त्याच्याशी काय संबंध? त्याचे उत्तर मुंबईपासून समुद्रमार्गे तासाभराच्या अंतरावर आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. आर्थर ऑर्लेबार या प्राध्यापकांच्या हाताखाली तिथे काम करणाऱ्यांत एक मराठी मुलगा होता. हेच पुढे टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून प्रसिद्ध झालेले केरूनाना छत्रे. १८९६ साली या वेधशाळेचे प्रमुखपद पहिल्यांदा एका भारतीयाकडे आले. त्यांचे नाव नानाभॉय मूस. त्यांच्यापुढे थोड्याच वर्षांत एक संकट उभे राहिले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्या आता विजेवर चालणार होत्या. विजेचा प्रवाह म्हटला की चुंबकत्व आलेच. कुलाब्याची सुई पृथ्वीऐवजी ट्रामचे वेळापत्रक सांगू लागली असती!

मूस यांनी शहराशी भांडण मांडले नाही. विजेची ट्राम शहराला हवी होती आणि ती येणारच होती. त्यांनी सुई उचलून अलिबागला न्यायची ठरवली. तिथे समुद्राकाठी त्यांनी जी वेधशाळा बांधली, तिच्यासाठी दगड पोरबंदरचा आणला, कारण त्यात चुंबकीय अंश नाही. आपला काळा कातळ दिसायला देखणा आणि टिकाऊ, पण त्यात लोहाचा अंश भरपूर, म्हणून तो बाद. बिजागऱ्या, कड्या आणि खिळे तांब्या-पितळेचे. १९०४ साली काम सुरू झाले. सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढची आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला सांधा न दिसता जोडली गेली. मग कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद झाली आणि १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली.

म्हणजे पहा, अलिबागची बिनलोखंडी इमारत ब्रुकलिनच्या बिनलोखंडी नौकेपेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे. तेव्हा जगात भूचुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्यांना एकच गोष्ट उमगत होती. नवे युग लोखंडाचे आणि विजेचे आहे, त्याला अडवता येणार नाही. पण पृथ्वीचा आवाज ऐकायचा असेल, तर त्या गोंगाटातून काही जागा शांत राखून ठेवाव्या लागतील. मूस यांनी ती जागा किनाऱ्यावर राखली आणि बावर यांनी समुद्रावर.

'कार्नेगी' १९०९ ते १९२९ या वीस वर्षांत सात सफरींवर गेली आणि सुमारे तीन लाख सागरी मैल फिरली. पहिल्याच सफरीत, अटलांटिक ओलांडून इंग्लंडमधल्या फालमथ बंदराला पोहोचेपर्यंत, तिने प्रचलित सागरी नकाशांतल्या चुका दाखवून दिल्या. रोज शेकडो बोटी याच नकाशांवर विसंबून अमेरिका-युरोप ये-जा करत होत्या. पुढे कप्तान विल्यम पीटर्स यांच्या हाताखाली ती हिंदी महासागरात आली. १९११ साली कोलंबो आणि मॉरिशस ही बंदरे तिने घेतली. अटलांटिकच्या मानाने या समुद्रात मोजण्या फार कमी झाल्या होत्या, त्यामुळे नकाशांतल्या चुकाही मोठ्या निघाल्या. नौकेवरून आलेले आकडे वॉशिंग्टनहून नकाशे छापणाऱ्या देशांना पाठवले जात. ते कुणालाही विकले नाहीत, कुणापासून लपवले नाहीत.

१९१४ पासून नौकेची सूत्रे जेम्स पर्सी ऑल्ट यांच्याकडे आली. ते स्वतः निरीक्षकही होते आणि कप्तानही. त्यांच्या नेतृत्वाखाली १९१५ च्या ६ डिसेंबरला 'कार्नेगी' न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून निघाली आणि अंटार्क्टिकाला पूर्ण वळसा घालून १९१६ च्या १ एप्रिलला त्याच बंदरात परतली. एकाच हंगामात केलेली ११८ दिवसांची ही प्रदक्षिणा. धुके, वादळ आणि हिमनग. लाकडी नौका, साखळीऐवजी दोर, आणि इंजिनाचा जोर एवढासाच. वाटेत जानेवारीत ती दक्षिण जॉर्जिया बेटावर थोडी थांबली. त्याच बेटावर चार महिन्यांनी, आपले जहाज बर्फात गमावलेला शॅकलटन एका उघड्या होडीतून येऊन पोहोचला. त्याच्या धाडसावर पुस्तके आली, चित्रपट आले. ऑल्ट आणि त्यांचे सहकारी त्याच समुद्रात रोज उठून सुईचे वाचन वहीत लिहीत होते. शॅकलटनचे धाडस कमी लेखायचे नाही. पण दुसऱ्या प्रकारच्या धाडसाला गोष्टीत जागा मिळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

या नौकेने लावलेला सर्वांत मोठा शोध मात्र चुंबकत्वाचा नव्हता. तो विजेचा होता, आणि तो अनपेक्षितपणे हाती आला.

आभाळ निरभ्र असतानाही हवेत विद्युतदाब असतो. जमिनीपासून एक मीटर वर गेले की शंभर-सव्वाशे व्होल्टचा फरक पडतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपले शरीर विजेचे वाहक आहे आणि हवेतून वाहणारा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. जमिनीवर हा दाब मोजला तर गावागावाचा वेगळा निघतो. चुलींचा धूर, धूळ, धुके, प्रत्येक गोष्ट त्यात ढवळाढवळ करते. समुद्रावर ना चुली ना धूळ. 'कार्नेगी'वर चुंबकीय मोजणीसोबत हीही मोजणी चालू होती. ते आकडे एस. जे. मॉक्ली या शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काळात एकत्र मांडले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. नौका पॅसिफिकमध्ये असो की अटलांटिकमध्ये, हा दाब दिवसातून एकदा सर्वांत जास्त आणि एकदा सर्वांत कमी होतो, आणि तो जगभर एकाच क्षणी होतो. स्थानिक सकाळ-संध्याकाळीशी त्याचा संबंध नाही. ग्रीनिचच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजण्याच्या सुमारास तो शिखरावर असतो. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. आणि आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास, म्हणजे लोक कामाला निघतात तेव्हा, तो सर्वांत खाली असतो.

याचे कारण काय? पृथ्वीवर कुठे ना कुठे सतत विजांची वादळे चालू असतात. ती वादळे एखाद्या विद्युतघटासारखी काम करतात आणि वरच्या वातावरणात सुमारे अडीच लाख व्होल्टचा दाब टिकवून धरतात. निरभ्र प्रदेशांतून ती वीज हळूहळू जमिनीकडे झिरपत राहते. वादळांना जोर येतो दुपारनंतर. आधी आग्नेय आशियात दुपार होते, मग आफ्रिकेत, मग अमेरिकेत. अमेरिका खंडावरची वादळे भरात येतात आणि आफ्रिकेतलीही पूर्ण ओसरलेली नसतात, तेव्हा जगभरचा दाब शिखरावर पोहोचतो. ॲमेझॉनच्या जंगलावर वीज कडाडते, तिची नोंद पॅसिफिकच्या शांत पाण्यावर होते. सारी पृथ्वी हे एकच विद्युतमंडल आहे, हे सांगणारी ती चढ-उताराची रेषा आजही 'कार्नेगी वक्र' या नावाने ओळखली जाते. कुलाबा-अलिबागच्या परंपरेतून १९७१ साली स्वायत्त झालेली आपली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज पनवेलला आहे. तिच्या संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' तळावर हवेतली वीज मोजली, तेव्हा आपले आकडे पडताळून पाहिले ते याच वक्राशी.

आता या गोष्टीचा दुःखद भाग.

कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन सांभाळायला अवघड होते. म्हणून १९१९ साली ते बदलून पेट्रोलचे इंजिन बसवले. त्यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. पेट्रोलचे इंजिन पटकन सुरू होत होते आणि सोयीचे होते. १९२८ च्या मे महिन्यात 'कार्नेगी' सातव्या सफरीवर निघाली. तीन वर्षांचा बेत होता. या वेळी समुद्रविज्ञानही कार्यक्रमात होते. प्रतिध्वनीवरून खोली मोजणे, खोलवरच्या पाण्याचे नमुने काढणे, सूक्ष्म जीव गोळा करणे. लघुलहरींचा रेडिओही नौकेवर होता. पेरूच्या किनाऱ्यापासून जपान, तिथून सॅन फ्रान्सिस्को, मग होनोलुलू असे करत १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये ती सामोआ बेटांवरच्या आपिया बंदरात आली.

२९ नोव्हेंबरच्या दुपारी पेट्रोल भरणे चालू होते. काम संपत आले होते. अचानक स्फोट झाला. कप्तान ऑल्ट डेकवर होते, ते पाण्यात फेकले गेले आणि रुग्णालयात पोहोचण्याआधीच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. नौकेवरचा एक तरुण केबिन-बॉयही मृत्युमुखी पडला. इतर काहीजण जखमी झाले. लाकडाची नौका, डांबराचे दोर. आगीने पाण्याच्या रेषेपर्यंत सारे खाऊन टाकले. अंटार्क्टिकाच्या हिमनगांतून सुखरूप आलेली नौका बंदरात, शांत पाण्यात उभी असताना संपली.

पण नोंदी वाचल्या. बहुतेक आकडे आधीच्या बंदरांवरून वॉशिंग्टनला रवाना झाले होते आणि नौकेवरचे बरेचसे कागद सहकाऱ्यांनी वाचवले. ते आकडे तपासून, मांडून १९४० च्या दशकापर्यंत खंडांमागून खंड निघत राहिले. त्या सफरीवरचे एक तरुण निरीक्षक स्कॉट फोरबुश बचावले. सूर्यावरच्या उद्रेकानंतर पृथ्वीवर येणारे विश्वकिरण काही काळ कमी होतात, हा शोध त्यांनी पुढे लावला आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला समुद्रतळाशी असलेल्या एका डोंगररांगेला 'कार्नेगी'चे नाव मिळाले. कार्नेगी संस्थेने मात्र पुन्हा अशी नौका बांधली नाही. इंग्लंडने 'रिसर्च' नावाची बिनचुंबकी नौका बांधायला घेतली, १९३९ साली ती पाण्यातही उतरवली. महायुद्ध आले आणि ती अपुरीच राहून शेवटी भंगारात गेली. फिनलंडमध्ये बांधलेल्या 'झार्या' या लाकडी नौकेवर १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो वारसा उचलला आणि तो कित्येक वर्षे चालवला.

पुढे तंत्र बदलले. जहाजातून लोखंड काढण्याऐवजी उपकरणच जहाजापासून दूर नेले. लांब दोराला बांधून ते मागे ओढत न्यायचे. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराचा तळ असाच अभ्यासला. मग उपग्रह आले. १९७९ चा 'मॅगसॅट', १९९९ चा 'ऑर्स्टेड', २०१३ चे 'स्वार्म'. या सगळ्यांत चुंबकमापक उपग्रहाच्या पोटात नसतो. तो बाहेर लांब दांड्यावर असतो, म्हणजे उपग्रहाची स्वतःची वीज आणि धातू त्याला फसवणार नाहीत. तुमच्या मोबाइल फोनमधले होकायंत्र ज्या जागतिक चुंबकीय नकाशावर चालते, तो दर पाच वर्षांनी अशाच मोजणीवरून नवा केला जातो.

मग या जळून गेलेल्या लाकडी नौकेच्या आकड्यांची आज गरज काय? गरज आहे, कारण आजचे चुंबकत्व उद्या मोजता येत नाही. १९१६ च्या फेब्रुवारीत दक्षिण महासागरात सुई कुठे वळली होती, हे कोणताही उपग्रह मागे जाऊन पाहू शकत नाही. पृथ्वीच्या गाभ्यात काय चालले आहे हे समजायला शंभर-दोनशे वर्षांची मालिका लागते. २०२० साली पोर्तुगीज नौदलाचे 'साग्रेस' हे शिडाचे जहाज जगप्रवासाला निघाले, तेव्हा त्याच्यावरही हवेतली वीज मोजण्याची उपकरणे होती. मधल्या शंभर वर्षांत काय बदलले, हे पाहायला तुलनेसाठी हातात होते 'कार्नेगी'चेच आकडे.

आपल्या घरचे उदाहरण याहून बोलके आहे. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ आले. त्या दिवशी कुलाब्याला कुणी तरी नेहमीसारखी सुई वाचून वहीत आकडा लिहिला. आपण काय लिहून ठेवतो आहोत, याची त्या माणसाला कल्पना असणे शक्य नव्हते. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या आणि ते वादळ किती भयंकर होते याचा अंदाज बांधला. तसे वादळ आज आले तर उपग्रह आणि वीजवाहिन्या यांचे काय होईल, हा प्रश्न जगभरचे अभियंते त्या आकड्यापुढे बसून सोडवत आहेत.

अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. वर्षानुवर्षे एकच आकडा, त्याच वेळी, तितक्याच काळजीने लिहायचा असतो. निरीक्षक आत शिरताना खिशातल्या किल्ल्या आणि मनगटावरचे घड्याळ बाहेर ठेवतो, कारण तेवढ्या लोखंडानेही सुई ढळते. अलिबागला फिरायला जाणारे आपण किनारा पाहतो, भरती-ओहोटीचे गणित जमवून कुलाबा किल्ला पाहतो आणि परततो. त्याच गावात, एका साध्या दगडी इमारतीत, १९०४ पासून सुई वाचण्याचे काम चालू आहे. गावे वाढतात, गाड्या आणि विजेच्या तारा जवळ येतात. मूस यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न प्रत्येक पिढीपुढे पुन्हा उभा राहतो. नवे बांधताना अशी एखादी शांत जागा आपण राखतो की गमावतो, ते आपल्या हाती आहे. 'कार्नेगी' जळाली, तिची जागा तिच्या देशाने पुन्हा भरली नाही. अलिबागची सुई अजून वाचली जात आहे. ती वाचली जात राहावी, एवढी काळजी आपण नक्कीच घेऊ शकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)